पावसाळ्यातला ताप-खोकला आणि पोटुशी बाई : आईला आणि बाळाला नक्की काय धोका?

खानापूरची_लेक

नमस्कार मंडळी. आमच्या भागात एकदा पाऊस धरला की घरातलं कुणी ना कुणी खोकतच असतंय, यंदा पण तेच, आधी पोरं शाळेतनं घेऊन आली मग सासरे मग मी. काळजी माझी नाही, धाकट्या जाऊची आहे. तिला सातवा लागलाय आणि कालपासनं तिचा पण घसा धरलाय, अंगात कणकण आहे, रात्री हात लावला तर कपाळ चांगलंच तापलेलं. सासूबाई म्हणायलेत आलं-तुळशीचा काढा दे, चार दिसात उतरतंय, पोटुशा बाईनं इंग्लिश औषधं घ्यायची नसतात. दीर म्हणायलेत मेडिकलमधनं एखादी गोळी आणतो. मला दोन्हीची भीती वाटायलीय. साधा फ्लू असला तरी गरोदर बाईला तो वेगळा असतो का, पोटातल्या बाळापर्यंत जातो का, आणि बाळ झाल्यावर घरात असंच खोकणं चालू असलं तर काय करायचं? ज्यांनी हे बघितलंय, सोसलंय त्यांनी सविस्तर लिहा, आमच्या गावात अजून तिघी-चौघी पोटुशा आहेत त्यांना पण वाचून दाखवणार आहे.

लेबररूमची_ताई

बाकीचं नंतर वाचा ताई, आधी जाऊबाईंना उद्या सकाळीच दाखवून आणा. पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) न्या नाहीतर जिथं नाव घातलंय तिथं न्या, पण चार दिवस बघूया हे नको. मी चिकोडी भागात बरीच वर्षं लेबर रूमला आहे, म्हणून स्पष्ट बोलते.

गरोदर बाईला फ्लू जास्त वेळा होतो असं नाही, पण झाला तर तो जड जातो, आणि सातव्यापासनं पुढं सगळ्यात जड जातो. कारण असं की पोट वाढतं तसं छातीखालचा पडदा, डायफ्रॅम म्हणतात तो, साधारण 4 सेंटीमीटर वर ढकलला जातो. श्वास सोडल्यावर फुफ्फुसात जी हवा मागं राहते ती जवळजवळ पाचव्या हिश्श्यानं कमी झालेली असते, आणि ऑक्सिजनची गरज मात्र तेवढ्याच प्रमाणात वाढलेली असते कारण दोन जिवांचं चाललेलं असतंय. हृदय आधीच जास्त रक्त फिरवत असतंय. अशात फुफ्फुसात सूज आली, कफ भरला, तर धडधाकट दिसणारी बाई सकाळी बोलत होती आणि संध्याकाळी ऑक्सिजनवर, असं मी डोळ्यांनी बघितलंय. शिवाय बाळाला शरीरानं परकं समजू नये म्हणून प्रतिकारशक्तीचं काम पण थोडं बदललेलं असतं, त्यामुळं काही विषाणूंना आवरायला वेळ लागतो.

आणि फसगत कुठं होते ते सांगते. पोटुशा बाईला दम लागतोच, जिना चढला की लागतो, म्हणून घरचे म्हणतात ते असतंयच की. असतंय, पण बसल्या जागी दम लागत नाही. एक वाक्य पुरं बोलताना मध्ये थांबावं लागत असेल, आडवं झालं की गुदमरल्यागत होत असेल, छातीत दुखत असेल, ओठ निळसर दिसत असतील, पॅरासिटामॉल देऊन पण ताप परत परत चढत असेल, बाळाची हालचाल कमी वाटत असेल, कळा येत असतील किंवा पाणी गेल्यासारखं वाटत असेल, तर रात्र काढायची नाही, 108 ला फोन करायचा.

घरात ऑक्सिमीटर असेल तर काढा, कोविडच्या वेळी बऱ्याच घरात घेतलेलं आहे. इतर माणसांना 94 आला तर आपण बघूया म्हणतो, गरोदर बाईचा 95 च्या खाली गेला की दवाखाना. बोट थंड असेल, नेलपॉलिश असेल तर आकडा चुकतो, डोहाळजेवणाची गडद मेंदी असली तर दुसरं बोट घ्या नाहीतर कानाच्या पाळीला लावून बघा. अजून एक, ज्यांच्या अंगात रक्त कमी आहे त्यांचा आकडा 98 दाखवला तरी अंगाला ऑक्सिजन कमीच पोचत असतो, कारण वाहून न्यायला हिमोग्लोबिनच कमी. आपल्या देशात निम्म्याहून जास्त गरोदर बायकांचं रक्त कमी आहे, सरकारी पाहणीत 52 टक्के निघालंय, म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबून राहू नका, बाईकडं बघा.

निपाणी_मेडिकलवाला

ताईंनी लिहिलंय त्याला माझा पण दुजोरा. आमच्या काउंटरवर रोज एकतरी माणूस येतो, "बायको गरवार आहे, सर्दी-तापाची चांगली गोळी द्या". दादा, सर्दीची म्हणून जी गोळी मिळते तिच्यात तीन-चार औषधं एकत्र असतात, त्यातलं नाक मोकळं करणारं औषध बीपी वाढवू शकतं, आणि गरोदर बाईचा बीपी आधीच वर असला तर तो खेळ नको. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड लोक हक्कानं मागतात. पाचव्या महिन्यानंतर ही औषधं बाळाच्या किडनीवर परिणाम करून गर्भजल कमी करू शकतात आणि शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद पाडू शकतात. तापासाठी गरोदरपणात पॅरासिटामॉल, ते पण डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. काढा प्या, गरम पाणी प्या, वाफ घ्या, त्यानं घशाला बरं वाटतं, माझं काही म्हणणं नाही, फक्त काढ्याच्या भरवशावर दिवस घालवू नका.

कारण फ्लूचं खरं औषध ऑसेल्टामिवीर, ज्याला सगळे टॅमीफ्लू म्हणतात, ते पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. 2009 च्या स्वाइन फ्लूत अमेरिकेतल्या गरोदर बायकांची माहिती गोळा केली होती, ज्यांना दोन दिवसांच्या आत औषध मिळालं त्यांच्यातल्या 10 टक्क्यांहून कमी बायका आयसीयूत गेल्या, ज्यांना चार दिवसांनंतर मिळालं त्यांच्यातल्या 57 टक्के गेल्या. हे औषध गरोदरपणात देतात, रिपोर्टची वाट बघत बसू नये असंच सांगतात. मात्र ते चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि आम्ही देणार पण नाही, म्हणून डॉक्टरकडं लवकर जा एवढंच.

आणि ज्यांना बीपीसाठी किंवा पहिलटकरीण म्हणून डॉक्टरांनी रोजची लहान ॲस्पिरिन दिलीय त्यांनी हे वाचून ती बंद करू नका, ती वेगळी गोष्ट. त्या लहान ॲस्पिरिननं अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं कमी होतात हे ज्या मोठ्या अभ्यासात दिसलं, 2020 ला लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात आला तो, सहा देशांतल्या जवळजवळ 12 हजार पहिलटकरणींचा, त्यात आपल्या बेळगावच्या जेएनएमसी मेडिकल कॉलेजचं पथक होतं, गावोगावच्या बायका त्यात होत्या. आपल्या मातीतलं काम आहे म्हणून मुद्दाम सांगितलं.

जुना_बेळगावकर

सगळं वाचलं. पण मला एक कळत नाही, आमच्या आईची सहा बाळंतपणं झाली, भात लावणीच्या चिखलात उभी राहायची, ताप आला तर गोधडी घेऊन झोपायची आणि दुसऱ्या दिवशी परत शेतात. तेव्हा कुठलं ऑक्सिमीटर आणि कुठलं टॅमीफ्लू. हल्ली जरा जास्तच घाबरवतात का काय?

मार्कंडेयकाठ

आण्णा, तुमच्या आई कष्टाच्या आणि नशिबाच्या पण, देवाची कृपा. पण त्या काळी ज्या वाचल्या नाहीत त्यांच्या गोष्टी सांगायला घरात कुणी उरलं नाही. मी शाळेत इतिहास शिकवतो म्हणून थोडं मागचं सांगतो. 1918 ची इन्फ्लुएन्झाची साथ आली तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होतं आणि त्या इलाख्यात सप्टेंबर-ऑक्टोबरात माणसं किड्यामुंगीसारखी गेली. त्याच साथीत अमेरिकेतल्या एका डॉक्टरानं 1350 गरोदर बायकांची माहिती गोळा करून 1919 ला छापली. त्यातल्या साधारण निम्म्या बायकांना न्यूमोनिया झाला, आणि न्यूमोनिया झालेल्यांतल्या निम्म्या गेल्या. ज्या जगल्या त्यांच्यातल्या पण कितीतरी जणींचा गर्भ पडला किंवा बाळ दिवसांआधी आलं.

बरं ते जुनं म्हणून सोडा. 2009 ला पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी गेला, तेव्हा इथं पण सगळे तोंडाला रुमाल बांधून फिरत होते, तुम्हाला आठवत असेल. त्या वर्षी अमेरिकेत लोकसंख्येत गरोदर बायका साधारण 1 टक्का आणि स्वाइन फ्लूनं गेलेल्यांत त्या 5 टक्के. ब्रिटनमध्ये त्याच साथीत इस्पितळात दाखल झालेल्या गरोदर बायकांच्या बाळांचा हिशोब ठेवला, मेलेली जन्मलेली आणि पहिल्या आठवड्यात गेलेली बाळं दर हजारी 39 निघाली, एरवी ते प्रमाण हजारी 7 असायचं. औषधं, व्हेंटिलेटर, सगळं असताना. घाबरवायचं कुणालाच नाही आण्णा, पण हा आजार गरोदर बाईला वेगळा वागवतो हे शंभर वर्षं दिसत आलंय.

वडगावची_वैनी

माझं लिहू का नको करत होते, लिहितेच. 2021 चा एप्रिल, बेळगावात लोकसभेची पोटनिवडणूक झाली तो महिना. मला आठवा सुरू होता. आमच्या घरात माग आहेत, कामगार येणार जाणार, कोण कुठनं घेऊन आला सांगता येत नाही, पण आठवड्यात सगळं घर आडवं. माझा ताप तिसऱ्या दिवशी उतरला म्हणून सगळे खूश झाले आणि पाचव्या-सहाव्या दिवशी रात्री मला उशीला डोकं टेकता येईना. बसूनच रात्र काढली. सकाळी दवाखान्यात नेलं तर बेड नाही, दुसरीकडं नेलं, तिथं ऑक्सिजन लावला. नवऱ्याला आत सोडेनात. एक सिस्टर डाव्या कुशीवर वळवून पाठीमागं दोन उशा द्यायची, पालथं झोपवता येत नाही ना पोटामुळं, तसं अर्धं कुशीवर झोपलं की आकडा दोन-तीननं वर चढायचा, ते मी स्वतः बघत पडायचे.

बाळाच्या फुफ्फुसासाठी मला इंजेक्शनं दिली, 34 आठवड्यांच्या आत बाळ येईल असं वाटलं तर ती देतात म्हणे, आणि शेवटी सिझर केलं. मुलगी झाली, जेमतेम पावणेदोन किलोची. तिला कोविड नव्हता, टेस्ट निगेटिव्ह आली. तिला जे काही झालं ते लवकर येण्यामुळं, श्वास घेताना छाती आत ओढायची, दूध ओढायची ताकद नव्हती. मी मास्क लावून, हात साबणानं धुवून दूध वाटीत काढायचे आणि सिस्टर चमच्यानं थेंब थेंब पाजायच्या. नंतर सांगितलं उघड्या छातीशी धरायचं, कांगारू केअर. मी उठू शकत नव्हते तर तिच्या बाबांनी शर्ट काढून खुर्चीत बसून तासन् तास तिला धरलं, मागावर बसणारा माणूस, त्याचे खरखरीत हात, पण पोर तिथं शांत झोपायची आणि तिचा श्वास मशीनवर सरळ दिसायचा. आज ती शाळेत जाते. वजन अजून वर्गातल्या पोरींपेक्षा कमीच आहे पण बडबड सगळ्यांपेक्षा जास्त.

माझ्या शेजारच्या बेडवरची बाई घरी गेली नाही. तिचं बाळ तेवढं सासरच्यांनी घरी नेलं होतं. एवढंच लिहवतंय.

त्या वर्षी जूनमध्ये आयसीएमआरनं (देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं) आकडे दिले होते, गरोदर आणि बाळंतिणी मिळून पहिल्या लाटेत कोविड झालेल्यांतल्या 0.7 टक्के गेल्या होत्या, दुसऱ्या लाटेत 5.7 टक्के. आणि गरोदर बायकांना लस घ्यायची परवानगी आली 2 जुलै 2021 ला. आम्ही एप्रिल-मेमध्ये आजारी पडलेल्यांना ती मिळणारच नव्हती. म्हणून आता जी लस उपलब्ध आहे ती बायका घेत नाहीत हे बघितलं की माझा जीव तुटतो.

पहिलटकरीण_हिंडलगा

वैनी, डोळ्यांत पाणी आलं वाचून. मला तिसरा महिना चालू आहे. मागच्या महिन्यात मला दोन दिवस ताप होता 101, तेव्हापासनं सारखं वाटायलंय की बाळाला व्यंग तर येणार नाही ना. आईला सांगितलं तर ती अजून घाबरते. विषाणू पोटात जातो का हो?

लेबररूमची_ताई

बाळा, आधी शांत हो. फ्लूचा किंवा कोविडचा विषाणू आईच्या पोटातनं बाळाकडं जाणं क्वचितच होतं, कोविडमध्ये ते प्रमाण 2 टक्क्यांच्या आतच निघालं. बाळाला त्रास होतो तो बहुतेक आडून होतो. आईचा ऑक्सिजन कमी पडला, ताप खूप चढून राहिला, नाळेला सूज आली किंवा तिच्यात गुठळ्या झाल्या, आईचा बीपी वाढला, तर बाळाचं वजन कमी भरतं, ते लवकर येतं, आणि फार वाईट झालं तर पोटातच जातं. कोविडच्या डेल्टा लाटेत पोटात बाळ जाण्याचं प्रमाण बरंच वाढलं होतं ते अशा खराब झालेल्या नाळेमुळं. म्हणून आईचा ऑक्सिजन आणि ताप सांभाळला की बाळ बऱ्याच अंशी सांभाळलं जातं.

पहिल्या दोन महिन्यांत ताप जास्त चढला तर बाळाच्या मणक्याच्या नळीच्या दोषाची शक्यता थोडी वाढते हे खरं, पण ज्यांना ताप आला त्यांच्यातल्या बहुतेक सगळ्यांची बाळं व्यवस्थितच होतात. तू फोलिक ॲसिड घेतेस ना? ती चुकवू नकोस. आणि 18 ते 20 आठवड्यांत जी मोठी सोनोग्राफी असते ती वेळेत कर, डॉक्टरांना तापाची तारीख सांग, कार्डावर लिहून घे. कुणी छातीचा एक्सरे काढायला सांगितला तर पोटावर शिसं ठेवून काढतात, बाळापर्यंत किरण पोचतात ते नगण्य, त्याला नाही म्हणू नकोस. न्यूमोनिया कळायला उशीर झाला तर त्यात जास्त नुकसान आहे.

चंदगडची_माहेरवाशीण

लसीबद्दल कुणीतरी लिहा म्हणत होते, मीच लिहिते कारण माझ्या दोन्ही वेळी घेतली. फ्लूची लस इंजेक्शनची, मेलेल्या विषाणूची, ती गरोदरपणात चालते, नाकात मारायची जिवंत लस असते ती चालत नाही. मला सातव्यात दिली. आपल्याकडं फ्लू वर्षातनं दोनदा उसळतो, एकदा पावसाळ्यात आणि एकदा जानेवारी-फेब्रुवारीच्या थंडीत, म्हणून पावसाच्या आधी घेतलेली बरी. बाहेर दीड-दोन हजार घेतात. महाराष्ट्र सरकारनं 2015 पासनं सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांना ती फुकट द्यायला सुरुवात केली होती, ज्यांचं माहेर चंदगड, गडहिंग्लज, कागल कडचं आहे त्यांनी तिथल्या ग्रामीण रुग्णालयात जरूर विचारा, शिल्लक आहे का म्हणून आधी फोन करून जा.

ही लस आईसाठी तर आहेच पण मला पटलं ते दुसऱ्या कारणानं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही. त्याला जे संरक्षण मिळतं ते आईनं पोटात असताना नाळेतनं दिलेलं. बांगलादेशात 340 आयांवर अभ्यास झाला होता, 2008 ला छापून आला, गरोदरपणी फ्लूची लस घेतलेल्या आयांच्या बाळांना पहिल्या सहा महिन्यांत तपासणीत सिद्ध झालेला फ्लू 63 टक्क्यांनी कमी झाला. आणि आयांना पण ताप-खोकला कमी झाला. गरीब, दाटीवाटीच्या घरांतल्या बायका होत्या त्या, आपल्यासारख्याच.

आता सीमेवरच्या बायकांची वेगळीच अडचण आहे, ती कुणी बोलत नाही. सासर बेळगाव तालुक्यात, नाव तिकडं घातलेलं, तायी कार्ड, म्हणजे कर्नाटकातलं गरोदरपणाच्या नोंदींचं सरकारी कार्ड, कन्नडमध्ये. सातव्यात ओटी भरून माहेरी आलं की इकडच्या आशाला आपण माहितीच नसतो आणि तिकडच्या आशाला वाटतं बाई गेली माहेरी. मधल्या दोन महिन्यांत, म्हणजे अगदी जड दिवसांत, कुणाच्याच वहीत आपण नसतो. मला ताप आला तेव्हा इकडच्या डॉक्टरांनी कार्ड हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि परत दिलं, माझ्या बीपीची नोंद त्यात होती ती त्यांना वाचताच आली नाही. म्हणून सगळ्यांना सांगते, माहेरी निघायच्या आधी सासरच्या डॉक्टरांकडनं एका कागदावर इंग्रजीत लिहून घ्या, बीपी, रक्त, रक्तगट, साखर, कुठली गोळी चालू, कुठल्या लसी झाल्या. आणि माहेरी पोचलं की पहिल्या आठवड्यात तिथल्या आशाकडं नाव घाला. राज्य कुठलं का असेना, पोटातलं बाळ मोजलं गेलं पाहिजे.

जांबोटी_पाऊस

आमच्या कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात तर अजून वेगळं. जुलै-ऑगस्टात ओढे भरले की काही वाड्यांवरनं गाडीच बाहेर येत नाही, रेंज पण जाते. खाटेवर झोपवून, चौघांनी खांद्यावर घेऊन, जंगलातनं रस्त्यापर्यंत माणूस आणायचं, हे आमच्याकडं अजून चालतंय. तिथं 48 तास कुठनं आणणार? आमच्या गावात आता बायकांनीच ठरवलंय, जिचा आठवा-नववा पावसात येतोय तिनं जूनच्या आधी खानापुरात नाहीतर बेळगावात पाहुण्यांकडं जाऊन राहायचं. सगळ्यांना जमत नाही, म्हशी कोण बघणार हा प्रश्न असतोच, पण जमेल तिथं करतो. आणि चुलीचा धूर. पावसात दारं-खिडक्या बंद, ओली लाकडं, स्वयंपाकघरात डोळे उघडवत नाहीत. खोकणाऱ्या पोटुशा बाईला निदान तेवढे दिवस चुलीपुढनं उठवा ओ, घरातल्या पुरुषमाणसानं भाकरी थापल्या तरी पोटात जातात.

आशा_हुक्केरी

सगळ्या ताया-दादांनी छान लिहिलंय. मी बाळ झाल्यानंतरचं लिहिते कारण आमचं काम तिथं जास्त असतंय. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आम्ही घरी येतो, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. काही घरात आम्हाला उंबऱ्यातच थांबवतात, विटाळ आहे म्हणून. आत येऊ द्या, आम्ही बाळाचा श्वास मोजायला येतो.

कसा मोजायचा ते तुम्ही पण शिका. बाळ शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, अंगडं वर करायचं आणि छाती-पोट वर आलं की एक, असं पुरं एक मिनिट घड्याळ लावून. लहान बाळाचा श्वास थांबत-थांबत चालतो म्हणून अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा 60 किंवा जास्त आला तर परत एकदा मोजा, परत तेवढाच आला तर दवाखाना. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, कण्हल्यासारखा आवाज येत असेल, दूध सोडलं असेल, अंग गरम किंवा उलट गार पडलं असेल, मध्येच श्वास थांबून निळं पडत असेल, तर मोजत बसायचं पण नाही, निघायचं. मोठ्यांचं नुसतं नाक वाहतंय असा विषाणू, आरएसव्ही म्हणतात त्याला, तान्ह्या बाळाच्या बारीक नळ्यांत सूज आणतो, आणि अगदी लहान बाळात कधी कधी खोकला न येता नुसता श्वासच थांबतो. त्याच्यासाठी पण गरोदर बाईला द्यायची लस निघालीय, अमेरिकेत 2023 पासनं 32 ते 36 आठवड्यांत देतात, जागतिक आरोग्य संघटनेनं पण 2025 ला शिफारस केलीय. ज्यांना परवडतंय त्यांनी आपल्या डॉक्टरांकडं विषय काढावा.

जानेवारी 2025 ला बेंगळुरात दोन बाळांत एचएमपीव्ही, म्हणजे असाच सर्दी-खोकल्याचा एक विषाणू, निघाला तेव्हा टीव्ही बघून आमच्या गावात बायका बाळं घेऊन पीएचसीत धावल्या. त्याच बायका पाचवीला पन्नास माणसं घरात घेतात. प्रत्येकजण बाळ हातात घेणार, गालाचा मुका घेणार, त्यातला कुणीतरी खोकत असणारच. पाचवी करा, देवीची पूजा करा, माझ्या घरात पण करतो आम्ही, पण बाळ पाहुण्यांच्या हातोहात फिरवू नका. ज्याला सर्दी आहे त्यानं दारातनं बघून जावं, त्याला राग आला तर येऊ दे.

शेक-शेगडीचं पण सांगायचंय. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी, धुरी, ओवा-बाळंतशोपा टाकलेल्या, दार लावलेलं. शेक घ्या पण धूर नको, त्या धुरानं बाळाच्या नळ्या अजून चिडतात, आणि बंद खोलीत निखारे ठेवून झोपायचं तर अजिबात नाही.

आईला सर्दी-ताप असला तर दूध तोडायचं का, हे मला सगळ्यात जास्त विचारतात. नाही तोडायचं. मास्क लावा, हात धुवा आणि पाजा. फ्लूचा विषाणू दुधातनं जात नाही, तो तोंडा-नाकातनं जातो, आणि दुधातनं उलट बाळाला त्या आजाराशी लढायची ताकद मिळते. आई फारच आजारी असेल तर वडगावच्या वैनींसारखं वाटीत काढून दुसऱ्या धडधाकट माणसानं चमच्यानं पाजायचं.

जुना_बेळगावकर

वाचतोय सगळं. वैनींचं वाचून मन भरून आलं. माझ्या नातसुनेला पाचवा चालू आहे, टिळकवाडीत दाखवतात. लसीचं मी घरी काढतो आजच. आशाताई, मला पहाटे खोकला असतो नेहमीचाच, धूळ-थंडीचा, संसर्गाचा नाही असं डॉक्टर म्हणतात. पणतू आला तर मी त्याला घ्यायचं की नाही?

आशा_हुक्केरी

आजोबा, घ्यायचं की. फक्त एकदा थुंकी तपासून घ्या, टीबीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, ती निगेटिव्ह असली की निर्धास्त व्हा. आणि फ्लूची लस तुम्ही पण घ्या, साठीच्या पुढच्या माणसांना पण सांगतात ती. ताप किंवा नवी सर्दी असेल ते चार दिवस लांबनं बघा, बाकी हात धुवून मांडीवर घ्या.

खानापूरची_लेक

किती मनापासनं लिहिलंय सगळ्यांनी. जाऊला परवाच सकाळी नेलं. ऑक्सिजन 96 होता, ताप 101, बीपी बरोबर. डॉक्टरांनी रिपोर्टची वाट न बघता टॅमीफ्लू सुरू केलं आणि पॅरासिटामॉल दिलं, बाळाचे ठोके ऐकवले. आज ताप नाही, खोकला आहे. ती पुढच्या खोलीत एकटी झोपतेय, खिडकी उघडी, चुलीपुढं मी आणि दीर, सासूबाईंनी काढा सोडलेला नाही पण गोळ्यांच्या वेळा पण त्याच बघायलेत. ऑक्सिमीटर शेजारच्यांकडनं आणलंय, सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवतो. येत्या 9 तारखेला पीएचसीत गरोदर बायकांची मोठी तपासणी असते तिथं परत नेणार आणि बरी झाल्यावर लस कधी घ्यायची ते विचारणार. गावातल्या तिघी पण येणार आहेत सोबत. पहिलं बाळंतपण माहेरी, आजऱ्याला, तर त्या इंग्रजी कागदाचं पण त्याच दिवशी करून घेते.

एक शेवटचं. दिवाळीच्या आसपास बाळ होणार, दोन्हीकडची माणसं बाराव्या दिवशी बारसं म्हणून अडून बसलीत, हॉल पण बघायलेत. थोडं पुढं ढकललं तर चालेल का, किती ढकलू?

आशा_हुक्केरी

बाराव्याला घरातल्या घरात नाव ठेवा, पाळण्याला हात लावायला आत्या आणि चार बायका पुरे. हॉलचा कार्यक्रम दीड महिन्याच्या पहिल्या लसी झाल्यावर घ्या, त्यात डांग्या खोकल्याची पण असते, त्याच्यानंतर आठवडाभर जाऊ द्या. बाळ लवकर झालं किंवा वजन कमी असलं तर अजून पुढं. आजऱ्याला नाव घालताना सासरचं तायी कार्ड पण दाखवा, लसींच्या नोंदी दोन्हीकडं लिहून घ्या, नाहीतर दुसऱ्या डोसाच्या वेळी परत पहिल्यापासनं विचारपूस होते.